परसातील घेवडा : नैसर्गिक संकर आणि निवड



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे जीवशास्त्राचे सर माझ्या बेळगावातील परसात बहुतेक दर रविवारी येत. आजचा विषय त्या परसातलाच आहे.

पांढऱ्या बियांचा बुटका घेवडा मी लावीत असे. २०१० पासून सहा वर्षे त्यातील टपोऱ्या बिया तेवढ्या निवडून पेरल्या. बी तसूभरही मोठे झाले नाही. सरांनी तेव्हा डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेन यांचा दाखला दिला. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात घेवड्याचे १९ शुद्ध वंश होते. एकाच वंशातील लहान आणि मोठे बी वेगवेगळे पेरले, तरी संततीच्या बियांचे सरासरी वजन जवळजवळ सारखेच भरे. तो फरक खतपाण्याचा आणि शेंगेतील जागेचा होता, आनुवंशिक नव्हता. माझी सहा वर्षांची मेहनत अशी एका वाक्यात निकालात निघाली!

घेवडा असा शुद्ध राहतो, कारण फूल उमलण्यापूर्वी कळीतच त्याचे पराग स्वतःच्या कुक्षीवर पडतात. पण काळा भुंगा फुलावर बसला की त्याच्या भाराने कुक्षी बाहेर डोकावते आणि क्वचित दुसऱ्या जातीचा पराग तिला लागतो. माझ्या कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा तांबड्या बियांचा वेल होता. आमच्याकडील आषाढाच्या पावसात माझी झाडे कुजत, त्यांचा वेल मात्र तग धरी.

२०१६ साली माझ्या वाफ्यात एक झाड वर चढू लागले आणि त्याला जांभळट फुले आली. पेरलेले बी तर पांढरेच होते! भेसळ समजून मी ते उपटणार, तोच सरांनी हात धरला. बियांचे टरफल आईच्या पेशींचे असते. म्हणून संकर झालेले बी आईसारखेच दिसते, आणि त्याचे रहस्य पुढच्या वर्षी झाड उगवल्यावरच उघड होते.

त्या वेलाच्या सर्व बिया एकसारख्या, तपकिरी ठिपक्यांच्या निघाल्या. येथेच मनुष्य फसतो. टरफल एक असले तरी आतले गर्भ निरनिराळे असतात. २०१७ साली प्रत्येक बियेपासून वेगळे झाड झाले : काही वेल, काही बुटकी, काहींचे बी पांढरे, काहींचे काळसर, काहींचे तांबूस. एका झाडावर मात्र एकच रंग. म्हणून प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या पुडीत ठेवावे, असे सरांनी बजावले होते. तरी मी काही झाडांच्या शेंगा एकाच सुपात सोलल्या. त्यातले एक पावसात उत्तम टिकलेले झाड होते. ते मला पुन्हा सापडले नाही.

मला हवे होते बुटके आणि पावसात टिकणारे झाड. रंगीत बी ओल्या मातीत पांढऱ्यापेक्षा कमी कुजते, असा माझा अनुभव. म्हणून रंगीतच धरले. बुटकेपणा हे दबून राहणारे लक्षण आहे; ते दिसले की पक्के. रंग तसा नव्हे. रंगीत झाडाच्या पोटी पांढरे निघू शकते. त्यामुळे प्रत्येक झाडाची स्वतंत्र ओळ पेरायची आणि जी ओळ फुटेल ती बाद करायची किंवा तिच्यातून पुन्हा निवडायचे. स्वपरागणाने मिश्रता दर पिढीला निम्मी होते : दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसरीत २५, सहावीत सुमारे ३. तेवढा धीर लागतो.

२०१९ साली चौथी पिढी फुलावर असताना सर गेले. वाण स्थिरावले २०२१ साली. तांबूस बियांचे, गुडघाभर झाड. शेंगा कोवळ्या असताना भाजीला उत्तम, जून झाल्या की चिवट. हा दोष मला काढता आलेला नाही.

सभागृहाबाहेर बरणी ठेवली आहे. प्रत्येकाने दहा बिया न्याव्यात आणि इतर घेवड्यापासून दूर पेराव्यात. कोणाच्या वाफ्यात वेगळे झाड निघाले, तर उपटण्यापूर्वी मला अवश्य कळवावे.