३३८९ वरची गर्दी

विंडोज सर्व्हर क्लाउडवर उभा केला आणि त्याचा रिमोट डेस्कटॉप सगळ्यांना खुला ठेवला, की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी साचायला लागतात. या फसलेल्या लॉगिनच्या नोंदी. युजरनेम कधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, कधी टेस्ट. पलीकडे बहुधा माणूस नसतोच. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट हुडकत फिरणारे प्रोग्राम पासवर्डचे अंदाज लावत असतात.

म्हणून पोर्ट बदलायचा. काम पाच मिनिटांचं, पण क्रम चुकला की स्वतःच बाहेर! सर्व्हर दूरच्या डेटा सेंटरमध्ये, तिथे जाऊन कीबोर्ड कोण जोडणार? त्यामुळे जाणता अ‍ॅडमिन आधी नवा पोर्ट दोन्हीकडे उघडतो: विंडोजच्या फायरवॉलमध्ये आणि क्लाउडच्या नियमांत. अ‍ॅमेझॉनकडे त्याला सिक्युरिटी ग्रुप म्हणतात, अझ्युरवर नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप. टीसीपीबरोबर यूडीपीही उघडतो. अझ्युरचा सीरियल कन्सोल हाताशी असला तर जीव आणखी शांत.

मग रजिस्ट्री. आरडीपी-टीसीपी या की-खाली पोर्टनंबर सापडतो, पण तो बदलायला उघडला की चौकटीत ३३८९ दिसत नाही, दिसतं डी३डी. हा आकडा हेक्समध्ये आहे. डेसिमल न निवडता ३३९० टाइप केलं, तर सर्व्हर मुकाट्याने १३२०० वर जाऊन बसतो आणि अ‍ॅडमिन ३३९० वर धडका देत राहतो.

शेवटी रिमोट डेस्कटॉप सर्व्हिस रीस्टार्ट. चालू सेशन तुटतं, तेव्हा अनुभवी माणूसही क्षणभर श्वास रोखतो. पत्त्यापुढे कोलन आणि नवा आकडा घालून पुन्हा जोडणी.

लॉगमधली गर्दी ओसरते, पण याला सुरक्षा म्हणणं धाडसाचं. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलेल्या झेडमॅप या स्कॅनरने एका पोर्टसाठी जवळपास अख्खं आयपीव्ही४ इंटरनेट पाऊण तासाच्या आत चाळता येत होतं. एका यंत्राचे ६५,५३५ पोर्ट तपासणं त्यापुढे किरकोळच. रिमोट डेस्कटॉपमधलं २०१९ च्या ब्लूकीपसारखं भोक पोर्ट बदलून बुजत नाही. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला होता. पॅच, व्हीपीएन आणि ठरावीक आयपीलाच प्रवेश, खरी मदार यांच्यावर.

जुना ३३८९ चा नियम काढला, की टीमला कळवायचं राहून जातं. सकाळी फोन सुरू: ‘‘सर, सर्व्हर डाउन आहे का?’’ डाउन काही नसतं. प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर सेव्ह केलेली जोडणी अजून जुन्याच पोर्टवर जात असते.