अवकाशयानाचे अंतरंग : विज्ञानकथेतील घर कसे उभारावे

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी विज्ञानकथा मागविल्या की ताऱ्यांकडे निघालेल्या यानाची कथा हमखास येते. परंतु यानाच्या आत काय आहे, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : चकचकीत भिंती, लुकलुकणारी बटणे आणि एक भली मोठी खिडकी. त्या यानात कोणी झोपत नाही, कोणी कपडे वाळत घालीत नाही, कोणाला शौचास जावे लागत नाही. म्हणूनच ते यान खरे वाटत नाही. कथेतील यानाचे अंतरंग विश्वसनीय कसे करावे, याची काही सूत्रे आम्ही येथे मांडीत आहोत. वसतिगृहात वाढलेल्या वाचकांना ती अपरिचित वाटणार नाहीत.

मराठी विज्ञानकथेची वाट रुंद करणारे डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी आपली पहिली कथा 'कृष्णविवर' टोपणनावाने पाठविली होती. कल्पना कितीही उंच उडाली तरी तिचे पाय विज्ञानाच्या नियमांवर असावेत, हा धडा त्यांच्या लेखनातून मिळतो. यानातील खोल्यांनाही तोच नियम लागू आहे.

पहिला प्रश्न असा : या यानात 'खाली' म्हणजे कोणते? कक्षेत फिरणाऱ्या स्थानकात वजन जाणवत नाही. तेथे छतावरही काम करता येते. पण मनाला जमीन हवीच असते. १९८४ साली राकेश शर्मा सोयूझ यानातून साल्युत-७ स्थानकावर गेले. सोयूझ, साल्युत आणि पुढे मीर यांच्या अंतर्भागाच्या रचनेत गालिना बालाशोवा या स्थापत्यकार महिलेचा मोठा वाटा होता. जमिनीचा रंग गडद आणि छताचा फिकट ठेवून त्यांनी अंतराळवीरांच्या डोळ्यांना दिशा दिली. साधा रंग हेदेखील तेथे उपकरणच ठरले.

कथेत यात्री चालताना दाखवायचे असतील तर यान फिरते ठेवावे लागेल. मिनिटाला दोन फेरे घेणाऱ्या चाकाच्या कडेवर पृथ्वीइतके वजन हवे असेल, तर त्या चाकाची त्रिज्या सुमारे २२४ मीटर असावी लागते. म्हणजे ओळीने लावलेले रेल्वेचे साडेनऊ डबे. चाक लहान केले तर फेरे वाढवावे लागतात आणि माणसाला घेरी येते. अशा यानातील लांब व्हरांड्याची जमीन पुढे आणि मागे दोन्हीकडे वर चढत गेलेली दिसेल. एवढे एक वाक्य कथेत आले तरी वाचकाचा विश्वास बसतो.

दुसरा प्रश्न हवेचा. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही. झोपलेल्या माणसाचा उच्छ्वास त्याच्याच तोंडाभोवती साचू शकतो. म्हणून पंखे अहोरात्र चालू ठेवावे लागतात. खरे यान शांत नसते, ते सतत घरघरत असते. कथेतील यात्री दचकून जागा व्हावा तो आवाजाने नव्हे, तर तो आवाज अचानक थांबल्याने.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि येथे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा एकेका घागरीचा हिशेब आपण केला आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात माणशी दिवसाला सुमारे चार लिटर पाणी लागते. घाम, उच्छ्वासातील बाष्प आणि मूत्र शुद्ध करून ९८ टक्के पाणी परत मिळविण्याची मजल २०२३ साली गाठली गेली. दहा माणसांना वर्षाला १४,६०० लिटर पाणी लागते असे धरले, तर या हिशेबाने २९२ लिटरच नव्याने न्यावे लागेल. आपल्या कथेतील यानात ते यंत्र कोठे आहे आणि ते बिघडले तर काय होईल, हे लेखकाला ठाऊक असलेच पाहिजे.

चौथा प्रश्न एकांताचा. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात मध्यभागी सामाईक मंडप आहे आणि तीन बाजूंना लहान खोल्या. प्रत्येकीत दोन दगडी शय्या. कान्हेरीला लेण्यांलगत पाण्याच्या पोढी खोदलेल्या आहेत. झोपण्यापुरती जागा, सर्वांसाठी एक मंडप आणि हाताशी पाणी : दीर्घकाळ एकत्र राहणाऱ्या माणसांची गरज शतकांपूर्वी अशी ओळखली गेली होती. अवकाश स्थानकातही टेलिफोनच्या खोक्याएवढी का होईना, प्रत्येकाला स्वतःची खोली दिली जाते. वसतिगृहात आपल्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाआड चेहरा लपवून घरचे पत्र वाचलेल्या मुलाला त्या खोलीचे मोल सांगावे लागत नाही.

शेवटचा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : या यानात झाडतो कोण? कथांमधली बहुतेक याने आपोआप स्वच्छ असतात. जेथे झाडू दिसत नाही, तेथे झाडणारा माणूस नजरेआड केलेला असतो, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको. खऱ्या स्थानकाची रीत वेगळी आहे. तेथे शनिवारी सफाई होते आणि ती अंतराळवीरच करतात. जाळ्यांवरची धूळ काढणे, भिंती पुसणे, शौचालय दुरुस्त करणे ही कामे स्थानकाच्या प्रमुखालाही चुकत नाहीत. तेथे दुसरे कोणी नसतेच.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो की यानाचा आराखडा काढताना आधी कामांची पाळी लिहा, मग भिंती उभ्या करा. स्वयंपाक, पाणी, हवा, सफाई, आजारपण, एकांत : यांतल्या प्रत्येकाला जागा द्या आणि प्रत्येक काम कोणाकडे आहे ते ठरवा. अवकाशयान पाहिलेले नाही म्हणून त्याविषयी लिहिण्याचा अधिकार आपला नाही, असे कोणी समजू नये. एका छताखाली अनेकांनी मोजक्या पाण्यात आणि एकमेकांना सांभाळून वर्षानुवर्षे राहणे म्हणजे काय, हे या शाळेतून बाहेर पडलेला प्रत्येक जण जाणतो. ताऱ्यांकडे निघालेल्या यानाला त्याच ज्ञानाची गरज पडणार आहे.