चालावे किती, धावावे किती?

गेल्या महिन्यात अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविला आहे. ‘डॉक्टर, तीन महिने रोज मैदानावर धावतो आहे. कोलेस्टेरॉलची गोळी केव्हाच सोडली,’ असे त्यांनी अभिमानाने सांगितले. रक्ततपासणीचा अहवाल पाहिला. ट्रायग्लिसराइड्स २१० वरून १५० वर उतरले होते. एलडीएल मात्र ६८ वरून १४१ वर चढले होते. गोळी सोडल्याचे त्यांच्या पत्नीला माझ्यासमोरच प्रथम कळले.

व्यायामाने कोलेस्टेरॉल उतरते, हा समज अर्धाच खरा आहे. श्रम करताना स्नायूंना इंधन लागते. स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर असलेले एक विकर रक्तातील ट्रायग्लिसराइड्सचे विघटन करून ते इंधन पुरविते, आणि व्यायामाने त्याचे कार्य वाढते. त्यामुळे ट्रायग्लिसराइड्स लवकर उतरतात. एचडीएल सावकाश आणि थोडेच वाढते. एलडीएल रक्तातून उचलून घेण्याचे काम मुख्यतः यकृताचे. स्टॅटिनची गोळी तेथेच उपयोगी पडते. तिची जागा धावणे घेऊ शकत नाही.

मग व्यायाम जोराचा असावा की बेताचा? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली या प्रश्नावरील अभ्यास प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या, बैठ्या सवयीच्या मध्यमवयीन स्त्री-पुरुषांपैकी एका गटाला आठवड्याला सुमारे १९ किलोमीटर भरभर चालण्याइतका, दुसऱ्याला तेवढेच अंतर धावण्याइतका, तर तिसऱ्याला सुमारे ३२ किलोमीटर धावण्याइतका व्यायाम दिला. एचडीएल ठळकपणे वाढले ते केवळ तिसऱ्या गटात. ट्रायग्लिसराइड्स चालणाऱ्यांचेही उतरले. एकूण एलडीएल कोणत्याच गटात लक्षणीय उतरले नाही. मात्र त्याचे कण आकाराने मोठे, म्हणजे तुलनेने कमी घातक झाले. वेगापेक्षा एकंदर व्यायाम किती झाला याला महत्त्व अधिक, असे त्यातून दिसले. गुडघे कुरकुरणाऱ्या माझ्या रुग्णांना मी हे आवर्जून सांगतो.

आपल्या वयाला झेपणारा वेग ओळखण्यास घड्याळ लागत नाही. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये, इतपत श्वास वाढावा. असे आठवड्यातून किमान १५० मिनिटे चालावे. एका दमात अर्धा तास जमत नसेल, तर सोसायटीच्या आवारात दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या चालतील. छातीत दडपण आले, भोवळ आली किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, तर लगेच थांबावे, आणि त्रास ओसरला नाही तर थेट रुग्णालय गाठावे. स्टेंट बसविलेल्यांनी वेग वाढविण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

घरातील मंडळींनी महिन्याकाठी एकदा गोळ्यांची पाकिटेही पाहावीत. गुरुजींची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. सकाळी ते आता चालतात, पत्नीसोबत; पुढील तपासणी दोन महिन्यांनी आहे.