दहा टक्के म्हणजे नेमके किती? मुंबईच्या पाणीकपातीविषयीचे काही गैरसमज

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या कारभारात पाणीकपात हा आणीबाणीचा नव्हे, तर जवळजवळ नित्याचा निर्णय आहे. जलअभियंता खाते, म्हणजे शहराचा पाणीपुरवठा सांभाळणारा अभियांत्रिकी विभाग, सात जलाशयांच्या साठ्याचा रोजचा ताळेबंद ठेवते, साठा कोणत्या तारखेपर्यंत पुरेल याचा भागाकार मांडते, आणि उत्तर समाधानकारक नसले की कपातीचा प्रस्ताव आयुक्तांपुढे जातो. ५ ऑगस्ट २०२० पासून २० टक्के, २७ जून २०२२ पासून १० टक्के, १ जुलै २०२३ पासून १० टक्के, आणि २०२४ मध्ये ३० मेपासून ५ व ५ जूनपासून १० टक्के, अशी अलीकडच्या कपातींची नोंद आहे. या तारखा पाहिल्या की पहिला गैरसमज कोठून निघतो ते आपोआप कळते, कारण यांतील बहुतेक तारखा पावसाळ्यातल्या आहेत. रस्ते तुंबलेले असताना नळाला पाणी कमी येणार असे पालिका सांगते, तेव्हा नागरिकांना ती थट्टा वाटते.

वस्तुस्थिती अशी की मुंबईत पडणारा पाऊस मुंबईच्या नळात जवळजवळ येतच नाही. शहराच्या हद्दीत असलेले पिण्याच्या पाण्याचे जलाशय दोनच, विहार आणि तुळशी. आणि त्यांची उपयुक्त साठवणक्षमता, म्हणजे प्रत्यक्ष उपसता येणाऱ्या पाण्याचे प्रमाण, अनुक्रमे २७,६९८ आणि ८,०४६ दशलक्ष लिटर आहे. सातही जलाशयांची मिळून ही क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर भरते, तेव्हा शहरातल्या दोन तलावांचा वाटा अडीच टक्क्यांच्याही आत राहतो. शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी लागते हे लक्षात घेतले, तर हे दोन्ही तलाव काठोकाठ भरले तरी त्यांवर मुंबईचे जेमतेम नऊ दिवस निघतील. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला; पण तसा पाऊस जलाशयांभोवतीच्या शहापूर तालुक्यातल्या डोंगरांवर न पडता सांताक्रूझला पडला, तर पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने तो मिठी नदीतून समुद्रात जाणारा पाऊस ठरतो.

शहराची तहान शहराबाहेर कशी गेली, हा इतिहास येथे थोडक्यात पाहणे उपयोगाचे आहे. १८६० मध्ये विहार तलावाचे काम पुरे झाले आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा आला. विसाव्या शतकात नगर अभियंता मोडक यांचे नाव मिळालेला मोडकसागर, नाशिक जिल्ह्यातील ऊर्ध्व वैतरणा आणि शहापूरजवळचा भातसा यांची भर पडली, व २०१४ मध्ये मध्य वैतरणा धरण कार्यान्वित झाले. प्रत्येक पिढीने पाणी आणखी लांबून आणले. आज एकट्या भातसाचा हिशेबी साठा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे एकूण साठ्याच्या निम्मा आहे. म्हणून मुंबईच्या पाण्याचे भवितव्य विचारायचे असेल, तर कुलाब्याचा पाऊस नव्हे, भातसाची पातळी विचारावी लागते.

यातूनच दुसरा गैरसमज दूर होतो. जुलैच्या आसपास ‘तुळशी तलाव भरून वाहू लागला’ अशी बातमी येते, छायाचित्रे छापली जातात, आणि तलाव भरले तरी कपात का, असा प्रश्न लगोलग विचारला जातो. तुळशी लवकर भरतो तो लहान असल्यामुळे. त्याच्या सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी जाण्यासाठी बांधात ठेवलेल्या वाटेवरून, वाहणारे पाणी विहारात उतरते, आणि विहार भरला की ते मिठी नदीला मिळते. या साखळीत शहराच्या पुरवठ्यात पडणारी भर नगण्य असते. वैतरणेच्या खोऱ्यात चित्र वेगळे आहे. तेथे ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर हे तीन जलाशय एकाच नदीवर एकाखाली एक आहेत, त्यामुळे वरचे सोडलेले पाणी खालच्यात अडवता येते.

तिसरा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे आणि त्याचे परिणामही सर्वांत विषम आहेत. ‘दहा टक्के कपात’ म्हणजे प्रत्येक घराला दहा टक्के पाणी कमी, असे सर्रास समजले जाते. वास्तविक ही टक्केवारी शहराला एकूण सोडल्या जाणाऱ्या पाण्याची असते, नळाची नव्हे. शुद्ध केलेले पाणी मलबार हिलसारख्या सेवा जलाशयांत, म्हणजे वस्तीजवळच्या उंच टाक्यांत, साठवले जाते आणि तेथून प्रत्येक विभागाला ठरलेल्या वेळेपुरते सोडले जाते; ही वेळ झाली की पालिकेचा कर्मचारी, ज्याला मुंबईत सगळे चावीवाला म्हणतात, रस्त्यातल्या खड्ड्यातील व्हॉल्व्ह लांब दांड्याच्या चावीने फिरवून पाणी सुरू करतो आणि नंतर बंद करतो. व्हॉल्व्ह उघडल्यावर आधी रिकामी जलवाहिनी भरते, मग उताराच्या व जवळच्या जोडण्यांना पाणी मिळते, आणि पुरेसा दाब आला की शेवटी चढावरच्या व टोकाच्या घरांपर्यंत ते पोहोचते. समजा, एखाद्या विभागाची वेळ १२० मिनिटांची आहे आणि टोकाच्या चाळीत पाणी चढायला पहिली ९० मिनिटे लागतात. तर त्या चाळीच्या वाट्याला मुळात ३० मिनिटे येतात. कपातीमुळे वेळ १२ मिनिटांनी कमी झाली की जवळच्या इमारतीचे दहा टक्के जातात, पण चाळीची ३० मिनिटे १८ वर येतात, म्हणजे तिचे चाळीस टक्के पाणी जाते. वेळ न घटवता दाब घटवला तरी फटका टोकालाच अधिक बसतो.

त्यात इमारतीच्या रचनेचा फरक मिसळतो. भूमिगत टाकी, पंप आणि गच्चीवरील टाकी असलेल्या सोसायटीत कपात कागदावरच राहते, कारण कमी वेळात आलेले पाणीही टाकीत जमा होऊन दिवसभर वापरता येते. जेथे थेट नळाखाली हंडे-पिंप लावून पाणी भरावे लागते, तेथे कपात त्या अठरा मिनिटांत अनुभवाला येते. एकाच गल्लीतले दोन रहिवासी कपातीविषयी इतके वेगळे का बोलतात याचे उत्तर येथे आहे, आणि दोघेही खरेच बोलत असतात. सरसकट टक्केवारी ही प्रशासनाला सोयीची असली, तरी ती समन्यायी आहे असे म्हणणे अवघड आहे.

मग एवढे करून वाचते किती? कपातीने टंचाई टळते, हा चौथा समज आकड्यांपुढे टिकत नाही. २५ मे २०२४ रोजी सातही जलाशयांत मिळून १,४०,२०२ दशलक्ष लिटर, म्हणजे ९.६९ टक्के साठा होता. रोजच्या ३,९०० ने त्याला भागले, तर तो जूनअखेरपर्यंत, छत्तीस दिवसच, पुरणारा होता. त्याखेरीज राज्य शासनाने भातसातून १,३७,००० आणि ऊर्ध्व वैतरणातून ९१,१३० दशलक्ष लिटर राखीव साठा वापरण्यास मुभा दिली होती, आणि तो धरून कागदावर मुदत ऑगस्टच्या अखेरीकडे सरकत होती. कागदावर म्हणायचे कारण असे की उन्हाळ्यात बाष्पीभवनाने जाणारे पाणी या सरळ भागाकारात येत नाही. आता कपातीचा वाटा पाहावा. ५ टक्क्यांनी रोज १९५ आणि १० टक्क्यांनी ३९० दशलक्ष लिटर वाचतात. ३० मे ते २८ जुलै या संपूर्ण काळात ही बचत सुमारे २२,००० दशलक्ष लिटर, म्हणजे शहराच्या पूर्ण पुरवठ्याचे सहा दिवसही नाहीत. राखीव साठ्याने अठ्ठावन्न दिवस दिले, कपातीने सहा. तरीही कपात निरर्थक नाही, कारण पाऊस आठवडाभर लांबला तर नेमके ते सहा दिवसच कामी येतात. पण ती मुदत लांबवण्याची युक्ती आहे, पाणी निर्माण करण्याची नव्हे, आणि तिच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा करू नये.

‘राखीव साठा’ या शब्दाचाही घोटाळा होतो. वृत्तांतून त्याला कधी मृतसाठा म्हटले जाते, आणि मग पालिका आता तळाचा गाळ पाजणार, अशी भीती पसरते. मृतसाठा म्हणजे धरणाच्या विमोचकाखाली, म्हणजे पाणी बाहेर सोडण्याच्या दाराखाली, उरलेले पाणी, जे आपोआप बाहेर येऊ शकत नाही. राखीव साठा हा नेहमीच्या उपशासाठी ठरलेल्या किमान पातळीखालचा, टंचाईसाठी बाजूला ठेवलेला भाग असतो, आणि त्यावरही इतर पाण्याप्रमाणेच भांडुप किंवा पांजरापूर येथे शुद्धीकरण होते. भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा ही धरणे राज्याच्या जलसंपदा विभागाची असल्यामुळे हा साठा उचलायला शासनाची परवानगी लागते, एवढाच त्यातला विशेष. कपात फक्त मुंबईकरांच्या माथी मारली जाते, हा समजही चुकीचा आहे. पालिका ठाणे व भिवंडी शहरांना आणि वाटेतल्या काही वस्त्यांना जे पाणी देते, त्यालाही ती लागू होते.

समुद्र दारात असताना टंचाई कशाला, या प्रश्नाचे उत्तर मात्र उंचीत आणि विजेत आहे. तानसा व वैतरणेचे पाणी उतारावरून स्वतःच्या वजनाने भांडुपपर्यंत वाहत येते. भातसाचे पाणी नदीपात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येऊन तेथे पंपाने उचलावे लागते, म्हणून ते आधीच महाग पडते. आणि समुद्राच्या एक लिटर पाण्यातील सुमारे ३५ ग्रॅम क्षार काढण्यासाठी ते प्रचंड दाबाने पडद्यांतून ढकलावे लागते. मनोरी येथे रोज २०० दशलक्ष लिटरच्या निःक्षारीकरणाची योजना पालिकेने आखली आहे. ती आजच्या गरजेच्या वीस भागांपैकी एक भाग भागवील, म्हणजे एका ५ टक्के कपातीएवढी.

घराघरांतला एक समज याहून साधा आहे. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी चोवीस तास ‘पाणीपुरवठा बंद’ अशी सूचना येते, ती कपात नसते, साठ्याशी तिचा संबंध नसतो. पण ती वाचून घरातली सर्व भांडी भरली जातात आणि दुसऱ्या दिवशी नळ आला की ते पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले, क्लोरिन मिसळलेले नळाचे पाणी एका रात्रीत खराब होत नाही. उलट, बंद राहिलेल्या वाहिनीतून पहिल्यांदा आलेले पाणी गढूळ असण्याची शक्यता जास्त, म्हणून ते उकळून व गाळून प्यावे असे पालिका सांगते. अर्थात नेमके चांगले पाणी ओतून गढूळ पाणी भरले जाते.

शेवटचा गैरसमज कपात मागे घेतल्याच्या दिवशी जन्माला येतो. २९ जुलै २०२४ पासून कपात रद्द झाली तेव्हा, २५ जुलैच्या नोंदीनुसार, साठा ६६.७७ टक्के होता, आणि टंचाई संपली असे सर्वांनी मानले. खात्याचे वर्ष मात्र १ ऑक्टोबरला सुरू होते: त्या दिवशी, पाऊस ओसरत असताना, साठा पूर्ण १४,४७,३६३ आहे की नाही हे पाहिले जाते, कारण भरलेले सातही जलाशय बाष्पीभवन न धरता सुमारे ३७१ दिवसांचे, म्हणजे वर्षाला कसेबसे पुरतील एवढेच असतात. २०१८ मध्ये त्या तारखेला तूट निघाली होती. म्हणून त्या वर्षी दहा टक्के कपात नोव्हेंबरातच, दिवाळी नुकतीच आटोपली असताना आणि तलावांत भरपूर पाणी दिसत असताना, लागू झाली.