मशीन तेच, मग फरक कुठं पडतो?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. आजचा विषय: लहान मुलांच्या कॅन्सरमधलं रेडिएशन, आणि ते देणाऱ्या टीमचं ट्रेनिंग.

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण शाहूवाडीतल्या माझ्या चुलत बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाला मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. पहिल्या हॉस्पिटलात तो टेबलावर झोपेचना. दोघांनी धरलं, तर किंचाळला, "मामा, मला पिंजऱ्यात नाही जायचं!"

पिंजरा म्हणजे मास्क. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची शीट चेहऱ्यावर बसवतात, ती गार होऊन घट्ट होते. डोकं जराही हलू नये म्हणून. मोठ्या माणसाला "हलू नका" म्हटलं की झालं. पोराला एक तर रोज भूल द्यायची, नाहीतर त्याची तयारी करून घ्यायची.

मुंबईत गेलो तर तिथल्या टीमने दोन दिवस फक्त तयारीला दिले. आधी बाहुलीला मास्क घातला, रिकामं मशीन दाखवलं. रेडिएशन चालू असताना खोलीत कुणी थांबत नाही, म्हणून माइकवरून आईचा आवाज ऐकवला. मास्कवर त्याने गवा रंगवला, आमच्या आंब्याच्या जंगलातला. मग भूल न देता झोपला.

दुसरी गोष्ट हाडांची. मोठ्यांमध्ये नियम सोपा: गाठीवर मारा, बाकी वाचवा. वाढत्या मुलात किडनीच्या गाठीला रेडिएशन देताना मणक्याचा अर्धाच भाग किरणात आला, तर तेवढीच बाजू कमी वाढते आणि पाठ वाकडी होते. म्हणून मुद्दाम पूर्ण मणका घेतात. हे शिकवावं लागतं. त्यासाठी एकाच पेशंटच्या स्कॅनवर प्रत्येक डॉक्टर स्वतंत्र आखणी करतो, मग सगळे मिळून फरक तपासतात. आमच्या भाषेत कोड रिव्ह्यूच!

तिसरी गोष्ट तारखांची. आमच्या पोराचं रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, असं सहा आठवडे, म्हणजे तीस वेळा. मध्येच गावची जत्रा आली. पोरगं बरं दिसतंय, चार दिवस जाऊन येऊ, असं आमचं ठरलंच होतं. नर्सने ताईला शेजारी बसवून सांगितलं, "खंड पडला की उरलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो." आम्ही राहिलो. समजावून सांगणं हाही ट्रेनिंगचाच भाग.

म्हणून डॉक्टर, फिजिसिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट, नर्स आणि भूलतज्ज्ञ यांनी एकत्र शिकायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ध्येय ठेवलं: 2030 पर्यंत कॅन्सर झालेली किमान 60 टक्के मुलं जगली पाहिजेत. आपल्याकडे 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरातली हॉस्पिटलं जोडतंय. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये 2023 पासून प्रोटॉन थेरपीही मिळते. हे किरण गाठीपाशी थांबतात, पलीकडच्या अवयवांना वाचवतात. पण पोरगं हललं तर सगळ्यात महागडं मशीनही चुकणार.

कुणावर अशी वेळ आलीच, तर हॉस्पिटलला तीन प्रश्न विचारा. एवढ्या लहान मुलांना इथं नेहमी रेडिएशन देता का? भूलतज्ज्ञ रोज असतो का? एखादा दिवस चुकला तर भरून कसा काढता?

आमचा पैलवान आता शाळेत जातो. उंची, हार्मोन्स, अभ्यास यांची तपासणी अजून वर्षानुवर्षं चालेल. गव्याचा मास्क मात्र घरी भिंतीवर टांगलाय.

भेटू पुढच्या भागात!