परक्याच्या शेतातली हक्काची वाट

इंग्लंडला गेलेला मराठी माणूस लंडन पाहतो, एखाद्या दिवसाच्या बस-सहलीत स्टोनहेंज उरकतो आणि परत येतो. माझं म्हणणं, त्यातले दोन-तीन दिवस वाचवावेत, एखाद्या खेड्यात मुक्काम टाकावा आणि नुसतं चालावं. माझी लेक शेफील्डला असते, म्हणून मला जवळचा पीक डिस्ट्रिक्ट. तिच्याकडे गेले की आम्ही दोघी पाठीला सॅक लावून ईडेलला जातो. शेफील्ड-मँचेस्टर रेल्वेमार्गावरचं हे छोटं स्टेशन. उतरलं की समोर डोंगर. मोटार लागतच नाही.

गाव म्हणजे दगडी घरं, एक चर्च आणि दोन पब. त्यातल्या ओल्ड नॅग्ज हेडपाशी सुरू होणारी पेनाइन वे ही पायवाट सुमारे ४३० किलोमीटर जाऊन थेट स्कॉटलंडात संपते. आम्ही तिच्यावर तासभर चालतो, डबा खातो आणि मागे फिरतो. हरिश्चंद्रगड चढलेल्यांना इथले डोंगर टेकाडंच वाटतील. मजा उंचीत नाही, वाटेत आहे.

ही वाट लोकांच्या शेतांतून जाते. दगड नुसते एकावर एक रचून केलेल्या बांधांना चढून ओलांडायच्या पायऱ्या असतात, नाहीतर एका वेळी एकच माणूस जाईल असं झुलतं फाटक. खांबावर पिवळा बाण असला तर वाट पायी जाणाऱ्यांची, निळा असला तर घोडे आणि सायकलींनाही मुभा. जमीन शेतकऱ्याची, पण वाटेवरचा हक्क सगळ्यांचा. त्याला ती मनाला येईल तशी बंद करता येत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावर त्या हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. एकदा अशी रेघ एका घराच्या परसातूनच गेली. बाई कपडे वाळत घालत होत्या, मी थबकले. लेक म्हणाली, "आई, बाण आहे ना, चल." बाई "मॉर्निंग" म्हणाल्या आणि पुढचा चिमटा लावू लागल्या.

वरच्या माळांवर मात्र असा हक्क नव्हता. जमीनदार तिथे ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी रान राखून ठेवत आणि राखणदार माणसांना हुसकून लावत. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण, बरेचसे मँचेस्टरकडचे कामगार, हेफील्डहून निघून मुद्दाम किंडर स्काउटवर घुसले. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन जेमतेम विशीतला, त्याला चार महिने. १९४९ साली कायदा आला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. माळरानांवर मोकळेपणी फिरण्याचा सरसकट हक्क मिळायला मात्र २००० सालचा कायदा यावा लागला. उद्यान म्हटलं तरी आत गावं आहेत, शेतं आहेत, शाळा आहेत. प्रवेशाला तिकीट नाही.

ईडेलहून पलीकडच्या कॅसलटनला जायला हॉलिन्स क्रॉसची खिंड चढावी लागते. ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा मृतांना खांद्यावरून याच वाटेने पलीकडे नेत. खिंडीतून धारेने उजवीकडे गेलं की मॅम टॉर, उंची ५१७ मीटर. त्याच्या कुशीतला जुना हमरस्ता जरूर पाहा. खाली ठिसूळ शेल, वर वालुकाश्म. पावसाचं पाणी मुरलं की उतार सरकतो. दुरुस्त्या करून करून थकल्यावर १९७९ साली तो वाहनांना कायमचा बंद केला. मधल्या पांढऱ्या रेघेसकट डांबराचे थरच्या थर वाकून खचलेत. मला तिथल्या सजवलेल्या गुहांपेक्षा हाच रस्ता बघण्यासारखा वाटतो.

शाकाहाऱ्यांची आता आबाळ होत नाही. सकाळी मशरूम, टोमॅटो, बीन्स आणि टोस्ट हादडले की दुपार निभते. संध्याकाळी मात्र पबचं स्वयंपाकघर लवकर बंद होतं, तेव्हा आधी विचारून ठेवा. फाटक उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद ठेवून पुढे जा. वासरं असलेल्या गायींना लांबून वळसा घाला; कुत्रा बरोबर असेल तर जास्तच जपा. पाऊस येणारच, म्हणून छत्रीऐवजी चांगलं जाकीट घ्या. धारेवरच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही.

मे किंवा सप्टेंबर उत्तम. शनिवार-रविवार टाळून लंडनच्या सेंट पँक्रासहून शेफील्डची गाडी पकडा, साधारण दोन तास लागतात. तिथून ईडेलची गाडी मिळते.