तालमीतले बळ आणि ध्रुवाची वाट



जोडीतला एक बैल थोराड आणि दुसरा किरकोळ असेल, तर दोघांपुढे सारखीच वैरण टाकून भागत नाही. थोराड बैल आधी खंगतो. माणसाचेही तसेच आहे, हे दक्षिण ध्रुवाच्या कहाणीत दिसते.

सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात शरीर कमावण्याचे मोठे वेड होते. १९०१ साली युजेन सँडो या मल्लाने लंडनला शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन याच काळात वाढला. ध्रुवाकडे जायचेच, म्हणून तो पोरवयातच कडाक्याच्या थंडीत खिडक्या उघड्या ठेवून झोपे आणि व्यायाम करी. लष्करभरतीच्या वेळी त्याची कमावलेली काया पाहून डॉक्टर इतके खूष झाले की डोळे तपासायचेच राहिले. नजर मात्र अधू होती!

१९११ साली दक्षिण ध्रुवाकडे दोन तुकड्या निघाल्या. जाऊन-येऊन वाट सुमारे तीन हजार किलोमीटरची, सगळी बर्फातली. अमुंडसेन केवळ दंडांवर विसंबला नाही. गाड्या ओढायला ५२ कुत्री घेतली. मुक्कामावर माणसांना सीलचे ताजे मांस खाऊ घातले, वाटेवर अन्नाचे साठे पुरले, आणि ठरावीक मजल झाली की तळ ठोकला. १४ डिसेंबर १९११ रोजी तो ध्रुवावर पोचला आणि पाचही जण सुखरूप परतले. कुत्री मात्र ११ उरली. वाटेत बरीचशी मारून खाद्य म्हणून वापरली होती.

इंग्रज कप्तान स्कॉट यांची माणसे शेवटची लांब वाट स्वतःच गाडी ओढत चालली. ती १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोचली. त्यांत एडगर इव्हान्स हा खलाशी अंगापिंडाने सर्वांत दांडगा. पण शिधा पाचांना सारखाच: बिस्किटे, चरबीत कालवलेले सुके मांस, लोणी, साखर. दिवसाला सुमारे साडेचार हजार उष्मांक. अशा ओढीला सहा हजारांहून अधिक लागतात, हे पुढे मोजमापांनी दिसले. शिवाय त्या शिध्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतेच. इव्हान्सच्या हाताची जखम भरेना. थंडीने बोटांना इजा झाली, वाटेत तो पडलाही, आणि १७ फेब्रुवारीला सर्वांत आधी तोच गेला. बाकीचे चौघेही परतले नाहीत. शेवटचे तिघे अन्नाच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या वीसेक किलोमीटरवर तंबूत संपले.

बळ खोटे नव्हते, त्याला खुराक पुरला नाही.

आता आपल्या घराकडे पाहा. पोरगा तालमीत घुमत असेल, तर नुसत्या जोर-बैठका मोजू नका; दूध, डाळ, उसळ, शेंगदाणे त्याच्या ताटात आहेत का ते बघा. आणि लावणी-खुरपणीच्या दिवसांत पहाटेपासून वाकून राबणारी घरची बाई सर्वांच्या मागून उरलेसुरले खाते, तिचे काय? तिलाही कष्टाच्या मानाने भाकरी हवी, सोबत पालेभाजी, लिंबू किंवा आवळा हवा. बैलाचा खुराक आपण नीट बघतो. आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाच्या ताटात काय पडते, तेही बघा.